मधला ठोकळा

गाडी बंद केल्यावरच खरी तापते, हे तिला त्या दुपारी कळलं.

"चालू असते तोवर पंखा फिरतो, पाणी फिरतं," मिस्त्रीकाका म्हणाले. "बंद केली की सगळं जागच्या जागी. मग उष्णता जाणार कुठे? वर. आता चार मिनिटं गप्प उभी राहा."

बाबांची जुनी गाडी तिने मुद्दाम अर्धा तास पळवून आणली होती. घराखालच्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडं टाकून दोघं वाकून उभे राहिले. आधी नुसती लोखंडाची टिकटिक. मग पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या पोटातून बारीक खदखद सुरू झाली, झाकण ठेवलेल्या भांड्यातून यावी तशी.

"पेट्रोल उकळतंय," काका म्हणाले. "उतू जाऊन इंजिनात गळतंय."

पाच महिन्यांपूर्वी याच गाडीतून ती बाबांना दवाखान्यात नेत होती. छातीत कळ होती, तरी ते शुद्धीवर होते. डॉक्टरांनी फोनवर जिभेखाली ठेवायची गोळी सांगितली, म्हणून ती औषधाच्या दुकानापाशी थांबली. चार मिनिटांत परत आली, तर गाडी चालू होईना. रुग्णवाहिका आली चाळीस मिनिटांनी. तोवर सगळं संपलं होतं. "नशीब आणि गाडी, दोन्ही जुनी," आई म्हणाली होती. त्या एका वाक्याच्या आधारावर आई जेवत होती, झोपत होती.

तिला एवढंच हवं होतं, की त्या दिवशी गाडी कशानेच चालू झाली नसती, असं कोणीतरी जाणत्याने सांगावं.

काकांनी कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधली जागा फडक्याने पुसली. आत काहीतरी चमकलं.

"हे काय? इथे बेकलाइटचा काळा ठोकळा हवा. खालची उष्णता वर जाऊ नये म्हणून तर तो असतो. हा ॲल्युमिनियमचा! म्हणजे चुलीवर तवा, आणि तव्यावर पेट्रोलची वाटी. कोणत्या दीडशहाण्याने बसवला?"

"बाबांनी."

"आणि आणला कोणी?"

"मी."

जुना ठोकळा चिरला होता. दुकानात दोन प्रकार होते, भोकं तंतोतंत सारखी. बेकलाइटचा कळकट दिसत होता, हा लखलखीत. तिने फोन केला होता, "बाबा, हा मजबूत वाटतोय. चालेल?" बाबा म्हणाले, "चालेल." बाबांना सगळंच चालायचं. गार चहा चालेल. विटका शर्ट चालेल. छातीचं दुखणं पुढच्या आठवड्यात दाखवलं तरी चालेल.

काका हसायला लागले आणि मध्येच थांबले. "अगं, धातू इथे चालत नाही, हे मला तुझ्या बाबानेच शिकवलं. शिव्या घालून. पण लेकीने आणलाय म्हटल्यावर..."

ती गाडीत बसली. त्या दिवशीसारखी चावी फिरवली आणि ॲक्सिलरेटरचं पॅडल भराभर दाबत राहिली. स्टार्टर कण्हला. पेट्रोलचा वास नाकात गेला. गाडी ढिम्म.

"तेव्हाही अशीच दाबत होतीस?"

"हो."

काका फडक्याने हात पुसू लागले. आधीच पुसलेले हात.

"काका, अशी असताना चालू करता येते का?"

"जुना चिरला असेल म्हणून नवा ठोकळा आणलाय. संध्याकाळपर्यंत बसवून..."

"आत्ता. आहे त्या ठोकळ्यावर."

"राहू दे ना, बाळ. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तिने चावीवरचा हात काढला नाही. शेवटी काका खिडकीशी आले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "पॅडल तळापर्यंत दाब. धरून ठेव. सोडायचं नाही, पुन्हा पुन्हा दाबायचं नाही, दर वेळी आणखी पेट्रोल आत जातं. आतलं जास्तीचं पेट्रोल हवेने निघून जाऊ दे. हं, फिरव."

स्टार्टर फिरत राहिला. सात-आठ सेकंद. मग इंजिन खोकलं, मागून काळा धूर निघाला, आणि गाडी चालू झाली.

आठ सेकंद. तिचा पाय पॅडलवर तसाच राहिला, इंजिन ओरडत राहिलं.

"पाय काढ! बंद कर!" काकांनी आत हात घालून चावी फिरवली. त्या शांततेत जिन्यावरच्या चपला ऐकू आल्या. आई दारात येऊन थांबली.

"चालू कशी झाली?"

"वहिनी, नवा पार्ट आणलाय ना मी, म्हणून..." काका घाईने म्हणाले.

नवा ठोकळा टेबलावर पडला होता. त्याच्या पुडक्याचा दोरासुद्धा सुटला नव्हता. आईने तो पाहिला. मग पुढे येऊन तिने इंजिनाजवळच्या पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"त्या दिवशी," आईने तिला विचारलं, "एवढीच तापली होती?"

काका मान हलवत होते, नको, नको.

"एवढीच," ती म्हणाली.