धुराड्यातला बोळा

वेल्ह्याच्या आमच्या जुन्या घरातलं विटांचं धुराडं जागोजाग तडकलं होतं. घरभर धूर, आणि आई दिवसभर खोकायची. म्हणून मी भोरहून स्टीलचा पाइप आणून धुराड्यात वरपासून खालपर्यंत उतरवला. कौलांमधल्या फटीसुद्धा सिमेंटनं बुजवल्या. चूल पेटवली, तर सगळा धूर सरळ आभाळात गेला.

आई चुलीवर टांगलेल्या मक्याच्या कणसांकडं बघत राहिली. "भीमा, बियाण्याला धूर न्हाई लागला तर किडं पडत्याल."

"बियाणं दुकानात मिळतंय," मी खेकसलो. "तुजी छाती मिळंल का दुकानात?"

मी भोरला कामावर परतलो.

चौथ्या दिवशी शेजाऱ्यांचा फोन आला. आई गुदमरून गेली होती. थंडीमुळं दार लावून घेतलेलं, आणि पाइपाच्या खालच्या तोंडात गोणपाटाचा बोळा. पहिल्यासारखा थोडा धूर घरात राहावा, एवढंच तिला हवं होतं. त्या धुराला बाहेर पडायला मी एकही फट ठेवली नव्हती.

लोक म्हणतात, म्हातारीला कळलं न्हाई. गप बसा! कळलं नाही ते मला.

तेराव्यानंतर कणसं खाली काढली. एका दाण्यालाही कीड नव्हती.