फागीबायच्या फोटोचा हार

"संदीपनं आईचा फोटो मोठा करून भिंतीला लावला म्हणे. हार पण आणलाय, आणि…" मोखाड्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवरची बाई एवढं बोलली आणि फाट्यावर उतरून गेली.

मी प्रमिलाकाकूचा मोबाइल बोलतोय. होतो तिच्या पिशवीत, पण ऐकलं दोघांनीही. आमचे कान सारखेच लांब! काकूनं मला घट्ट आवळलं. आठ दिवस ती साखरशेतला बहिणीकडे होती. तेवढ्यात संदीपची आई, आमची शेजारीण फागीबाय गेली?

आणि तो फोटो तर मीच काढलेला हो!

मी पोशेऱ्याला, काकूच्या गावी आलो ते पावसाचे दिवस. काकूनं मला तेलाच्या रिकाम्या पिशवीत घातलं, वर रबर लावलं. पाऊस गेला, पिशवी राहिली. फोटोही पिशवीतूनच! सगळं गाव धुक्यात. त्यात इथली माणसं फोटोला दारातच उभी राहणार. पाठीमागे दरीचा लख्ख उजेड, तोंडं काळी ठिक्कर.

फागीबायला एकच हौस. आपलं तोंड दिसेल असा एक तरी फोटो हवा. दर खेपेला मला डोळ्यांजवळ धरून म्हणायची, "प्रमिले, ही मी का तव्याची पाठ?"

दिवाळीला काकूची मुलगी प्रतिक्षा कॉलेजातून घरी आली. तिनं आधी पिशवी काढली, मग ओढणीच्या टोकानं माझा डोळा पुसला. काय सांगू, जग एवढं स्वच्छ असतं?

"आजी, दाराकडे तोंड करून बस. उजेड तोंडावर घे."

काकू लांबूनच बोटं फाकवून चित्र मोठं करायला लागली.

"आई, बोटं नको, पाय हलव. जवळ जा. आजी बसलीय ना, मग तूही बस. कोपरं अंगाला चिकटव."

सगळं जमलं, पण फागीबाय खांबासारखी ताठ. काकू हळूच म्हणाली, "बाय, तुझा कोंबडा हल्ली माझ्याकडे झोपतो. तुझ्या घोरण्याला कंटाळला."

फागीबाय खदखदून हसली, पडलेल्या दोन दातांसकट. तेवढ्यात मी टिपलं. तोच फोटो ठाण्याला तिच्या संदीपकडे गेला.

जीप थांबली तशी काकू रडतच धावली. "बाय गऽऽ!"

अंगणात फागीबाय नाचणी पाखडत होती. "कोण मेलं ग?"

काकू म्हणाली, "तू."

फागीबायनं सूप खाली ठेवलं आणि हसत सुटली, अगदी फोटोतल्यासारखी.

संदीपनं ठाण्याहून आणलेला फोटो भिंतीवर होता, ते खरं. हारही खरा. फ्रेमवाल्यानं न विचारताच बांधून दिलेला. फागीबायनं तो शेळीच्या गळ्यात घातला होता.

"आता हिच्याबरोबर काढ माझा," ती म्हणाली.

काकूनं डोळे पुसले आणि त्याच पदरानं माझाही डोळा पुसला. फोटो आला तो पुन्हा धुक्यात!

आता माझा एक कोपरा तडकलाय, बॅटरीही दुपारपर्यंतच टिकते. तरी अजून दिसतं मला. तेव्हा मंडळी, फोटोआधी माझा डोळा पुसत जा. फक्त पदर कोरडा असू द्या.