एकोणीस लाखांची नावं

आमच्यात वाटणीची रीत अशी : थोरल्यानं वाटे पाडायचे अन् धाकट्यानं आधी उचलायचं. मग थोरला लबाडी करत नाही, कारण हलका वाटा त्याच्याच पदरात पडतो. माझ्या जेठानं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, भांड्यांचे वाटे पाडले तेव्हा पळीसुद्धा दोनदा हातात तोलून पाहिली होती. ही रीत इतकी शहाणी की ती मोडायला शिकलेलाच माणूस लागतो. आमच्या घरी ती मोडली माझ्या धाकट्या पोरानं, शेखरनं.

आमच्या उंद्री गावचं बाकीचं रान मागच्या सालीच वाटून झालं होतं. राहिलं होतं डांबरी रस्त्याला लागून दीड एकर. विहीर एका टोकाला, म्हणून वाटणी अडली होती. थोरला ज्ञानेश्वर तिथं मिरची लावतो अन् त्याच मिरचीवर त्याच्या दोन पोरी शिकतात. ते रान हातचं गेलं असतं तर त्याच्याकडं नुसतं मुरमाड राहिलं असतं.

शेखरचं चिखलीत कॉम्प्युटरचं दुकान आहे. एके दिवशी तो बायकोला, समीक्षाला, घेऊन आला अन् मांडीवर लॅपटॉप उघडून बसला. म्हणाला, आपण एकत्र होतो तेव्हा मी इंटरनेटवर एकवीस नावं घेऊन ठेवली, तीही घरचीच इस्टेट आहे. नावं म्हणजे काय, ते मी विचारलं. वेबसाइटीचा पत्ता म्हणे. उंद्री मिरची डॉट कॉम, साखरखेर्डा सोयाबीन डॉट कॉम, असली. जागा घ्यायची, पाटी ठोकायची, घर बांधायचं नाही. पुढं ज्याला घर बांधायचं तो येतो अन् पाटीचे पैसे मोजतो.

किंमत सांगणारीही एक वेबसाइट होती. तिच्यात नाव टाकलं की आकडा निघे. एकवीस नावांचे मिळून निघाले एकोणीस लाख. जमिनीच्या दलालानं रानाची किंमत धरली होती अठरा लाख. शेखरनं मोठ्या मनानं सांगितलं, दादाला नावं, मी रान घेतो, लाखाचा फायदा दादाचा.

ज्ञानेश्वर आकड्याकडं पाहत राहिला. बाजारात मिरची दहा रुपयांनी पडली तर तीन दिवस जेवणावर मन नसणारा माणूस, पण पडद्यावर लिहिलेलं त्याला सरकारी वाटतं. तो मान हलवणार, एवढ्यात मी सुपारी फोडायची थांबवली. माझं शिक्षण दुसरी. पण बाजारात म्हैस मीही घेतली आहे.

मी दोनच गोष्टी विचारल्या. दरसाल काही भरावं लागतं का? शेखर म्हणाला, लागतं, एकेका नावाचे हजार-बाराशे. अन् आजवर कोणी मागायला आलं का? त्यावर तो मार्केटचं काहीबाही बोलायला लागला. मी समीक्षाकडं पाहिलं. ती खाली पाहत म्हणाली, "चार वर्षांत एक फोन नाही आला, आई."

म्हणजे दूध नाही अन् चारा चालू. अशा जनावराला आम्ही भाकड म्हणतो.

मी म्हटलं, वाटे तू पाडले हे चुकलं, पण असू दे. ते दादानंच पाडले असं समजू. आता रीतीप्रमाणं धाकट्यानं आधी उचलावं.

शेखर म्हणाला, "मंग मी रानच उचलतो, माय."

"हाव, उचल. अन् दादाले उरलं ते कितीचं म्हन्तो तू?"

"एकोणीस लाखाचं."

"मंग दादा तुले ते अठराले देते. आत्ता घे. लाख रुपये तुह्याच घरात जाऊन राह्यले."

तो हसला. मी हसले नाही. ज्ञानेश्वर पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढून भावाच्या तोंडाकडं पाहायला लागला.

मी म्हटलं, "काऊन रे, पंधराले घे. दहाले घे."

दहालाही त्याचा हात पुढं आला नाही. शेवटी तो म्हणाला की त्यानं मुद्दाम फसवलं नाही, त्याला आकडा खरा वाटत होता. वाटत असेलही. पण आकडा खरा होता तर घेणाऱ्याच्या हाताला तो का कळला नाही? मी तसं बोलले अन् वाटे मोडले.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरनं दोरी लावून रान उभं दोन पट्ट्यांत मापलं. दोन्ही पट्ट्यांना रस्ता, विहिरीचं पाणी एक दिवसाआड. शेखरनं आधी उचललं, विहिरीकडची पट्टी. ती आता ज्ञानेश्वरच बटाईनं, पिकातला हिस्सा देऊन, करतो. नावं ज्याची त्याला राहिली. या साली शेखरनं एकवीसपैकी अठरा नावांचे पैसे भरलेच नाहीत.

उंद्री मिरची मात्र समीक्षानं ठेवली. दिवाळीनंतर तिथं ज्ञानेश्वरच्या वाळल्या मिरचीचे फोटो टाकले. परवा पहिली मागणी आली, नाशकाहून, दोन किलोची. शेखर मला विचारायला आला, माय, आता या नावाची किंमत काय धरू?

मी सांगितलं, दोन किलो मिरची. अन् पिशवी नीट शिव म्हटलं, वाटेत फुटली तर तेवढीही राहायची नाही.