रोज तीन गोळ्या

"आजोबा, गोळ्या डबल घेतल्यात तुम्ही," सिस्टर म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच.

धाकटीने पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि बाबांकडे पाहिलं. स्वतः आई झाली तरी माहेरी ती अजून धाकटीच होती. बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली. हृदयात नवी झडप बसल्यापासून रक्त पातळ ठेवायच्या तीन गोळ्या ते रोज संध्याकाळी सहाला घेत. सहा म्हणजे सहा. दर पंधरा दिवसांनी बाप-लेक या ओपीडीत येत. बोटाला सुई टोचायची, रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा पिवळ्या पुस्तकात लिहून घ्यायचा. आकडा अडीच ते साडेतीनमध्ये हवा. खाली घसरला तर झडपेवर गुठळी, वर चढला तर कुठूनही रक्तस्राव. आज तो साडेसहा होता.

"मी तीनच घेतल्या," बाबा म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात हो. वयच तसं." बोलता बोलता तिने पुस्तकात लिहिलंसुद्धा: रुग्ण विसराळू. गोळ्या मुलीच्या ताब्यात द्याव्यात.

बाबांनी ते टेबलापलीकडून उलटं वाचलं. शर्टाची बाही ओढून मनगटावरचा काळानिळा डाग तेवढा झाकला, अपराध त्यांचाच असल्यासारखा. ते पाहून धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा विसरत नाहीत."

"ताई, तुम्ही दिवसभर त्यांच्या मागे असता का? कडेवर हे एवढंसं घेऊन?"

"नसते. पण मी गोळ्या मोजल्यात."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मनगटावरचा डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा तिच्याही मनात तेच आलं होतं. बाबा आंघोळीला गेले तशी तिने डबी पलंगावर उपडी केली, आणि पोर झाकण चघळत असताना एकेक गोळी मोजली. चोरासारखी.

"कधी?" बाबांनी विचारलं.

"मंगळवारी. परत शुक्रवारी. दोन्ही वेळा बरोबर भरल्या."

बाबांनी बाही आणखी खाली ओढली. "बरं केलंस," एवढंच म्हणाले, पण त्या 'बरं'मध्ये काही बरं नव्हतं. मग सिस्टरकडे वळले. "आता दोन साक्षीदार झाले. ते खोडा."

"आकडा खोटं बोलत नाही, आजोबा."

"नाही ना. आम्हीही नाही. म्हणजे मधलंच काहीतरी बिघडलंय." हा त्यांचा दुकानातला आवाज होता, घड्याळाचं झाकण उघडतानाचा. त्यांनी खिशातून गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. "मागच्या खेपेला रंग बदलला. पांढऱ्या होत्या, निळ्या आल्या. मी औषधाच्या खिडकीत विचारलं. तो म्हणाला, काका, कंपनी बदलली, गोळी तीच, रांग अडवू नका."

पट्ट्या कात्रीने कापून दिलेल्या, सहा-सहाचे तुकडे. मागच्या चंदेरी कागदावर कंपनीचं अर्धमुर्धं नाव. गोळी किती ताकदीची हे पट्टीच्या एका टोकाला छापलेलं असतं, आणि ते टोक भलत्याच कुणाच्या घरी गेलेलं.

सिस्टरने तुकडा उलटसुलट केला. "यावर काही लिहिलेलंच नाही."

"तुमच्याच खिडकीत कापतात," धाकटी म्हणाली.

बाकावरच्या जाड चष्म्याच्या बाई कधीपासून कान देऊन होत्या. त्यांनी पिशवीतून अख्खी पट्टी काढली. "अगं, हीच की ही. बघ, हाच निळा. माझी दोन मिलिग्रॅमची आहे. मला रोज एकच सांगितलीये."

बाबांच्या पुस्तकात प्रत्येक पानावर 'रोज तीन' होतं. किती मिलिग्रॅमच्या तीन, हे कुणी कधी लिहिलंच नव्हतं. एकच्याच मिळतात, असं सगळे धरून चालले होते. म्हणजे तीनच्या जागी सहा मिलिग्रॅम, पंधरा दिवस, सहाच्या ठोक्याला, एकही खाडा न करता. खरंच विसराळू असते तर वाचले असते.

सिस्टरचा चेहरा उतरला. "आजपासून गोळ्या बंद. इथून हलू नका, मी डॉक्टरांना बोलावते." ती पुस्तक मिटू लागली. धाकटीने त्यावर हात ठेवला.

"आधी ते खोडा."

"ताई, यात खोडाखोड चालत नाही."

"खोटं लिहिलेलं चाललं."

सिस्टरने एक रेघ मारली. खाली लिहिलं: गोळी बदलली गेली.

"आपोआप बदलली का? कुणी बदलली तेही लिहा."

सिस्टरने दाराकडे पाहिलं, मग लिहिलं: औषध खिडकीतून. आणि डॉक्टरांना बोलवायला झपाझप निघाली.

धाकटी बाबांजवळ टेकली. ते तिच्याकडे नाही, औषधाच्या खिडकीकडे बघत होते. तिथे कात्री चालूच होती.

"धाकटे, त्या दिवशी माझ्यामागे बरीच रांग होती गं."

पोर भुकेने कुरकुरत होती. तिला बाबांच्या मांडीवर देऊन धाकटी उठली, पहिल्या बाकापाशी गेली. "मागच्या खेपेला ज्यांना निळ्या गोळ्या मिळाल्या त्यांनी पिशव्या उघडा. कापलेल्या असतील तर आज घेऊ नका, आधी दाखवा."

"ओ बाई," खिडकीतून आवाज आला, "लोकांना घाबरवू नका."

"घाबरू दे," ती म्हणाली, "वेळेवर घाबरतील."

बाकांवर प्लॅस्टिक खुळखुळू लागलं. पहिला तुकडा एका म्हाताऱ्याने पुढे केला. बाबांनी एका हाताने नातीला सांभाळत तो दुसऱ्या हातात घेतला.

"निळीच आहे," ते म्हणाले. "तुम्हाला रोज किती सांगितल्यात?"

"चार," म्हातारा म्हणाला.