अर्धी गोळी

कपड्यांच्या कारखान्यातल्या कटिंग मास्तरांनी कापडाच्या थप्पीला यंत्राचं पातं लावलं आणि थप्पी हलली. झोपलेल्या माणसाची छाती हलते तशी, सावकाश, वर आणि खाली.

त्यांनी बटण बंद केलं. भर दुपार होती, खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं, पलीकडे शिलाईयंत्रांचा खडखडाट चालू होता. मास्तर एकेक थर उचलून बाजूला टाकू लागले. खाली कुणीतरी होतं.

तरुणपणी कामाच्या घाईत ते जागं राहायच्या गोळ्या खात. तेव्हा कापड हाताखालून पाण्यासारखं वाहायचं, भूक नाही, झोप नाही. पुढं एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. शेवटी शेवटी भिंतींना खरोखरच कान फुटले. बायको शेजारणीशी दोन शब्द बोलली तरी काहीतरी कट शिजतोय असं त्यांना वाटे. तिनंच खनपटीला बसून त्या गोळ्या सोडवल्या. त्यानंतर लेक वाढली, सासरी गेली, मास्तरांनी गोळीला हात लावला नव्हता.

यंदा काम अंगावर आलं आणि डोळे मिटू लागले. इस्त्रीवाल्यानं दिलेली गोळी त्यांनी दातांनी तोडली, अर्धीच घेतली. चार पचवलेल्या माणसाला अर्धीनं काय होणार?

बायको त्याच कारखान्यात काजं करायची. ती धावत आली तेव्हा सगळं कापड जमिनीवर पसरलं होतं आणि मास्तर घामानं निथळत, छाती दाबून उभे होते. तिनं रिकाम्या टेबलावर तळवा ठेवला.

"इथं कुणी नाहीये हो."

"तुझ्या हाताखालीच आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तूच झाकून ठेवलंयस."

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. इतकी वर्षं कुठं गेला होता कोण जाणे, पण जरासुद्धा म्हातारा झाला नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, की मधल्या वर्षांत गोळी पचवायची सवय मोडली, पण मेंदू एकदा होरपळला की त्याला पुढं ठिणगीही पुरते. पूर्वी चारांनी व्हायचं ते आता अर्धीनं झालं. त्यात काळीजही पंचविशीतलं राहिलेलं नाही, थोडक्यात निभावलं.

छातीचं दुखणं थांबलं. औषधानं संशयही ओसरला, पण नसलेले आवाज कानांत रेंगाळले. कारखान्यात त्यांना आता घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. पात्याजवळ त्यांना कुणी जाऊ देत नसे. हाक मात्र अजून मास्तर अशीच मारत.

एका संध्याकाळी जेवताना त्यांचा घास हातातच थांबला.

"हा कसला?"

"नळाचा."

"आणि हा?"

"वरच्यांनी खुर्ची सरकवली."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा मान वर केली. "हा?"

तिनं कान देऊन ऐकलं. घर शांत होतं.

"हा नाही," ती म्हणाली.

"बरं," म्हणाले मास्तर, आणि खाली बघून जेवू लागले.