दुर्बिणीचं ऑपरेशन

धाकटीला सगळे चिमणी म्हणत, कारण ती एका जागी म्हणून ठरत नसे. दिवसभर सलूनमध्ये उभी राहून केस कापायची आणि घरी येताना जिना पळतच चढायची. आईवडील गेल्यापासून ती ताईच्या शब्दाबाहेर नव्हती.

ताई पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. तिचा खुबा धातूचा होता. तरुणपणी दुखायला लागला, तेव्हा घरात कुणी मनावर घेतलं नाही. चालायचा कंटाळा म्हणून टिंगलच झाली. डॉक्टरांकडे पोचली तोवर सांध्यात काही उरलं नव्हतं. ठरलेलं लग्नही त्याच वर्षी फिसकटलं.

म्हणून एकदा चिमणी जांघ दाबत खुर्चीत बसली, तेव्हा ताईने दुखणं लगेच ओळखलं आणि आपल्याच डॉक्टरांकडे नेलं.

एक्सरे बघून डॉक्टरांचा चेहरा खुलला. खुब्याची खोबण जन्मापासून उथळ होती, ताईसारखीच. तिची मऊ कड थोडी फाटली होती, पण आतली गादी अजून शाबूत होती. खोबणीभोवतीचं हाड कापायचं, फिरवून स्क्रूने बसवायचं, दोनेक महिने कुबड्या घ्यायच्या, की स्वतःचाच सांधा पुढे बरीच वर्षं साथ देईल, असं त्यांनी समजावलं. दुर्बिणीतून नाही का होणार, असं चिमणीने घाबरत विचारलं.

"दुर्बिणीतून फाटलेली कड शिवता येते. पण खोबण उथळच राहिली तर ती पुन्हा फाटेल आणि सांधा लवकर झिजेल," डॉक्टर म्हणाले. मग सहज ताईकडे वळले. "ह्या वेळेवर आल्या. सगळ्यांचं असं नशीब नसतं."

ते वाक्य ताईच्या काळजात रुतलं.

हाड कापणार म्हटल्यावर चिमणीच्या कानात पुढचं फारसं काही शिरलं नव्हतं. घरी ती रडकुंडीला आली. ताईने तिला चहा करून दिला, जवळ बसवलं आणि एकेक गोष्ट शांतपणे सांगितली. संडासला जायचं तरी दुसऱ्याचा हात धरावा लागतो. सलूनवाली जागा राखून ठेवणार नाही. कमरेखाली जन्माचा व्रण राहतो. यातलं काहीच खोटं नव्हतं.

"दुर्बिणीचंच करून घे. दोन-तीन भोकं, की घरी."

"पण डॉक्टर नको म्हणाले ना?"

"ते घाबरवतातच. मी भोगलंय, मला विचार."

दुसरा सर्जन ताईनेच शोधला. तोही उथळपणाबद्दल जरा कां-कूं करत होता, पण मोठ्या ऑपरेशनला बहीण तयारच नाही असं सांगून ताईने विषय संपवला. दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. इवलेसे टाके बघून चिमणीने ताईच्या गळ्यात हात टाकले.

काही महिने बरे गेले. मग दुखणं परतलं. भरून यायला वेळ लागतो, असं म्हणत ताई रोज संध्याकाळी कोमट तेलाने तिचा पाय चोळून द्यायची. जिन्यावरची पावलं दिवसेंदिवस जड होत गेली. ती ऐकताना ताईला बरं वाटायचं. आपल्याला बरं वाटतंय हे तिला कळत होतं. तिने ते झटकून टाकलं नाही.

सलूनमधली जागा शेवटी गेलीच. तेव्हा चिमणी एकटीच जुन्या डॉक्टरांकडे जाऊन आली. आता कृत्रिम सांध्याशिवाय इलाज नव्हता. घरी आल्यावर ती दारातच उभी राहिली.

"एक्सरे दाखवला त्या दिवशी मी बाहेर गेल्यावर तू परत आत गेली होतीस. किती उशीर केला तर सांधा हातचा जाईल, असं विचारलंस. डॉक्टरांच्या लक्षात आहे."

"काळजीपोटी विचारलं," ताई म्हणाली.

"पाय चोळताना तू गुणगुणायचीस. मला वाटायचं, माझे लाड चाललेत."

त्यानंतर त्या घरात कामापुरतंच बोलणं उरलं.

ऑपरेशनच्या दिवशी ताई कपड्यांची पिशवी घेऊन मागोमाग गेली. या कोण, असं नर्सने विचारलं. "शेजारच्या आहेत," चिमणी म्हणाली. ताईने पिशवी खाटेखाली सरकवली आणि ती बाहेर पडली.

ऑपरेशन चांगलं झालं. चिमणी तिथूनच मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. ताईने बऱ्याचदा फोन केला. शेवटी एकदा मैत्रिणीने उचलला. चिमणी आता छान चालते, म्हणाली, आणि पुन्हा फोन करू नका असं तिने सांगितलंय.