सतरा नंबरची नळी

सतरा नंबरची नळी मी स्वतःच्या हाताने बाद केली. ती माझ्या सख्ख्या भावाची होती, हे मला काल कळलं. मधे अकरा महिने गेले.

आमच्या प्रयोगशाळेत लोकांचा कफ येतो. नाक मुरडू नका, कोणीतरी हे काम करायलाच हवं. वर्षानुवर्षं धाप लागणाऱ्यांच्या नळीला लाल झाकण, धडधाकट माणसाच्या नळीला हिरवं. नाव नाही, नुसता नंबर. नावांची यादी आमच्या प्रमुख मॅडमच्या कपाटात कुलपात. मी तो कफ यंत्रात गरागरा फिरवते आणि त्यातल्या पिशव्या वेगळ्या करते. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी या पिशव्या सोडतात, इतक्या बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. काहींच्या अंगावर फुप्फुसाची वीण कुरतडणारं द्रव्य चिकटलेलं असतं. ते मोकळं फिरत असलं तर शरीर त्याचा बंदोबस्त करतं. पिशवीवर बसलं की मात्र शरीराचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही.

हिरव्या गटात एक माणूस कमी पडत होता, म्हणून मी दादाला ओढून आणलं. दादा सुतार. जन्मात विडीला हात लावला नाही. फुंकायच्या यंत्रात त्याने अशी फुंक मारली की नर्स म्हणाली, "हळू हो, यंत्र मोडाल."

आठवड्याने सतरा नंबर तपासला. झाकण हिरवं, आणि पिशव्यांवर ते द्रव्य लाल झाकणवाल्यांनाही लाजवेल इतकं. माझं डोकंच फिरलं. तशीच खाली गेले आणि नर्सला फैलावर घेतलं, "झाकणं लावताना लक्ष कुठे असतं तुमचं?" ती बिचारी म्हणत राहिली, "ताई, माझ्याकडून नाही हो चूक झाली." मी कुठली ऐकतेय. दुसरी नळी मागवून पुन्हा तपासायला हवं होतं, एवढी साधी गोष्ट. मी 'झाकणांची अदलाबदल' असं लिहून दिलं. मॅडमचा माझ्यावर डोळे झाकून विश्वास. त्यांनी सही केली.

बाकीच्या हिरव्या नळ्या स्वच्छ निघाल्या. म्हणजे दादाचीही स्वच्छच असणार, हे मी धरूनच चालले. कोणाला काही सांगायचं नाही असा नियम आहे. पण जेवताना त्याने विचारलं, "काय गं, माझं काय निघालं?" मी म्हटलं, "ठणठणीत आहेस, काळजी सोड."

तपासण्या संपल्या, म्हणून काल यादी उघडली. सतरासमोर माझं माहेरचं आडनाव होतं. नर्स शेजारीच उभी होती, तिनेही वाचलं. मला चार शब्द सुनावायचा तिला पुरेपूर हक्क होता. तिने नुसती खुर्ची माझ्याकडे सरकवली, त्याचंच जास्त लागलं.

तडक दादाच्या कारखान्यात गेले. तो यंत्राने दाराची फळी घासत होता, भुवयांवर भुसा. घासताना खोकत होता. हा खोकला मी चार महिने ऐकत होते आणि काढा घे म्हणून दटावत होते. मी यंत्र बंद करायला लावलं आणि सगळं सांगितलं, नर्सवर ओरडले तेसुद्धा.

"म्हणजे तेव्हाच बिघडलं होतं?" त्याने विचारलं.

"बिघडायला लागलं असावं. तेव्हा तुझी फुंक चांगली होती. तेव्हाच या धुळीतून उठला असतास तर कदाचित..." मी त्याच्या भुवयांवरचा भुसा पुसला. "आता किती गेलंय ते तपासल्याशिवाय कळणार नाही. उद्या येशील?"

"येईन की." त्याने हात झटकले आणि फळीवरच बसला. मी म्हटलं, "दादा, मला शिव्या दे."

"तुला कशाला शिव्या देऊ," तो म्हणाला. "गेल्या वर्षी त्या तयार फर्निचरच्या दुकानात जागा निघाली होती. गिऱ्हाइकांना माल दाखवायचा, धुळीचा संबंध नाही. तुझी वहिनी हात धुऊन मागे लागली होती. मीच तिला गप्प केलं. म्हटलं, माझी बहीण रोज लोकांची फुप्फुसंच बघते, तिच्यापेक्षा तुला जास्त कळतं का?"